कृतज्ञ गावात पडलेला ऑब्रे

"आधी चराला विचारायचं, मग माणसांना. चर खोटं बोलत नाही, आणि चहाही मागत नाही," असं कथबर्ट बायकोला, हेस्टरला, सांगायचा. युद्धाच्या दिवसांत उडायला शिकता शिकता जी पोरं विमानासकट कोसळली, त्यांचा माग काढण्यात त्याची हयात गेली. इंग्लंडातल्या लिंकनशायरच्या सपाट रानात अशी विमानं काही कमी पडली नव्हती. तो देवाघरी गेला आणि त्याचा नाद हेस्टरच्या वाट्याला आला. रोज सकाळी प्रार्थनेला बसली की सापडलेल्या पोरांची नावं ती पुटपुटे, मगच न्याहारी.

या खेपेलाही चरानंच सांगितलं. स्नीथांच्या सलगमाच्या शेतालगत गाळ उपसताना एक वाकडा पत्रा निघाला, त्यावर आकडा होता. आकड्यावरून विमान कळलं, विमानावरून माणूस. सार्जंट ऑब्रे टेल्फर, न्यूझीलंडचा, वय वीस. शिकाऊ वैमानिक, धुक्यात एकटा. पुरलं त्याला विमानतळाजवळच्या गावी, पण जीव गेला तो इथं, हेस्टरच्याच गावात, लिटल ऑल्डर्सबीत.

त्याची धाकटी बहीण नोला अजून होती. नव्वदी ओलांडलेली, पण फोनवर आवाज खणखणीत.

"आईला तारेत नुसतं 'इंग्लंड' एवढंच कळवलं होतं हो. इंग्लंड काय लहान आहे? तो जिथं पडला तिथं एकदा त्याचं नाव मोठ्यानं घ्या. या नोव्हेंबरात घ्या. पुढच्या नोव्हेंबराचा भरवसा मी देत नाही."

"घेऊ," हेस्टर म्हणाली. "शब्द दिला."

एक नाव तर घ्यायचं, त्यात काय अवघड! पण गाव कुठलं, हे ती शब्द देताना विसरली.

दोन्ही महायुद्धांवर गेलेले सगळे पुरुष जिवंत परतले, अशी गावं इंग्लंडात अगदी मोजकी. त्यांना कृतज्ञ गाव म्हणतात. लिटल ऑल्डर्सबी त्यातलं एक, आणि वेशीवर तशी पाटीच होती. नोव्हेंबरात ज्या रविवारी देशभर युद्धात गेलेल्यांची नावं वाचतात, त्या रविवारी इथलेही लोक कोटाला आठवणीचं लाल पॉपीचं फूल लावून हिरवळीवर उभे राहत. पाद्रीबाई फिलिपा कोरा कागद उघडत, त्यावर वरपासून खालपर्यंत नजर फिरवत आणि घडी घालत. मग दोन मिनिटं शांतता.

"आजवर एक नाव चुकलेलं नाही," ग्रामसमितीचा अध्यक्ष रॉडनी स्नीथ अभिमानानं सांगे. सलगमाचं शेत त्याचंच.

समिती भरली.

"हेस्टर, तुला दुसरं गाव मिळालं नाही?" रॉडनी म्हणाला.

"त्याला मी नाही पाडलं, रॉडनी."

"नाव वाचलं की मेलेला आलाच. मग पाटीचं काय करायचं?"

"शिवाय तो लढाईत कुठं गेला?" बेरिल लेगॉट केक कापता कापता म्हणाली. "शिकत तर होता."

"न शिकता लढाईत जातो का कुणी?"

यावर सगळ्यांनी केक घेतला. पोटात काही गेल्यावर रॉडनीला युक्ती सुचली. शेत त्या रविवारपुरतं शेजारच्या ग्रेट ऑल्डर्सबीला देऊन टाकायचं! त्यांच्या स्मारकाचा दगड नावांनी भरलेला. एकानं काय बिघडतं? त्यानं तिथल्या तिथं तिकडच्या अध्यक्षाला फोन लावला.

"शेत आनंदानं घेतो," तिकडून उत्तर आलं. "पण परत देणार नाही. आणि माणूस तेवढा नको, दगडावर जागा नाही."

"माणूस नको आणि सलगमं हवीत? वा रे शेजारी!" रॉडनीनं फोन आपटला.

मग बेरिलनंच तोड काढली. नाव शांततेतच घ्यायचं. सगळ्यांनी, एकदम, मनातल्या मनात. ऑब्रेचा मान राहिला, पाटीही राहिली.

"पण मोठ्यानं हं!" रॉडनीनं बजावलं. "मनातल्या मनात, पण मोठ्यानं. त्या म्हातारीला तसं कबूल केलंय."

लगेच तालीमही झाली. पाद्रीबाईंनी सुरू करायची खूण म्हणून हात खाली केला.

"बेरिल, तू घाई केलीस," रॉडनी म्हणाला.

"तुला काय ऐकू आलं?"

"ऐकू कशाला यायला हवं? आम्ही आडनावाला पोचायच्या आत तुझा चेहरा मोकळा झाला."

ठराव एकमतानं मंजूर झाला. हेस्टरनं हात वर केला नव्हता. "तुझं मनातलं मत धरलंय," रॉडनी प्रेमानं म्हणाला. "बाजूनं."

हेस्टर वाद घालणारी नव्हे. देवापाशीसुद्धा तिनं कधी आवाज चढवला नव्हता. घरी येऊन ती बसून राहिली. देवाला ऐकवायचं असतं तर पुटपुटणं पुरलं असतं. तो ऑब्रेला ओळखतच होता. पण नोलानं देवाला ऐकवा असं म्हटलंच नव्हतं. तिला हवं होतं ते त्या जमिनीवर, माणसाच्या तोंडून.

रविवार उजाडला. हिरवळीवर सगळा गाव जमला. पाद्रीबाईंनी कोरा कागद उघडला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिला, घडी घातली आणि हात खाली केला.

गावानं नाव घ्यायला सुरुवात केली. रॉडनीच्या मानेची शीर तटतटून फुगली. बेरिल या खेपेला सावकाश चालली होती, आणि आडनावापाशी तिचे डोळे भरून आले. खोटं कुणीच करत नव्हतं. हेस्टरला सगळ्यांबद्दल माया वाटली. आणि सगळीकडे चिडीचूप.

ती रांगेतून बाहेर पडली.

"अगं, कुठं?" बेरिल कुजबुजली.

"श्श! आता पुन्हा पहिल्यापासून," रॉडनी दातओठ खात म्हणाला.

हेस्टरनं हातानंच त्यांना चालू द्या म्हणून खुणावलं. वेशीवरच्या पाटीला वळसा घालून ती ओल्या बांधावर उतरली. तिथं तिनं हळूच खाकरून घसा मोकळा केला आणि सलगमाच्या शेताकडे चालू लागली.