मिठाच्या राशीचं पोट

वडिलांच्या पश्चात मिठागर थोरलीकडे आलं, तेव्हा आवारातली मिठाची रास दुमजली घराएवढी होती. विक्री पुढच्या बाजूने व्हायची. मागची बाजू कोणी कधी हलवलीच नव्हती.

थोरलीच्या आकड्यांनाही कोणी फारसं हटकलं नव्हतं. सीए काका ती देईल ते कागद घेत आणि ताळेबंद मांडून देत. "ह्याला कंपायलेशन म्हणतात. तू सांगशील ते मी मांडतो, खरंखोटं तुझं तू बघ." गेल्या साली त्यांनी रिव्ह्यू केला, तेव्हा चार प्रश्न विचारले. "ऊन तेवढंच, मग मीठ एवढं जास्त कसं?" उत्तर पटलं, काम भागलं. यंदा मात्र नवा भागीदार यायचा होता आणि त्याला ऑडिट हवं होतं. काकांनी हात जोडले. "हिशोब मीच मांडलाय, मीच कसा तपासू?"

ऑडिटर बाई आल्या त्या गमबूट घालूनच. "रास बघू या."

"कागदावर आहे की सगळं," थोरली फणकारली. "आमच्यावर विश्वास नाही?"

"आहे हो. पण विश्वासावर सही करता येत नाही. पाहावं लागतं."

धाकटा भाऊ कुजबुजला, "ताई, ही बाई काही खाल्ल्या मिठाला जागायची नाही!"

बाईंसोबत आलेल्या मोजणीवाल्याने राशीचा घेर, उंची घेतली. मग मागच्या बाजूला एक लांब पोकळ नळी वरून खाली ठोकली. नळीतून निघालेली मिठाची कांडी ऑडिटर बाईंनी ताडपत्रीवर आडवी ठेवली. वर पांढरंशुभ्र, मग राखाडी, मग एक तांबूस पट्टा आणि तळाशी काचेसारखं, निळसर.

थोरली उकिडवी बसली. तांबूस पट्टा तिने ओळखला. ती शाळेत असताना धुळीचं वादळ आलं होतं, त्या सालचा. त्याखालचं सगळं वडिलांच्या हातचं. काही तर तिच्या जन्माआधीचं. ज्या राशीच्या सावलीत जन्म गेला तिच्या पोटात हे होतं, आणि तिला गंधवार्ता नव्हती.

"तळचं दगड झालंय," ऑडिटर बाई हळूच म्हणाल्या. "विकाऊ माल म्हणून धरता येणार नाही. आकडा बराच उतरेल."

धाकट्याचा चेहरा पडला. थोरलीची नजर कांडीवरून हलेना.

"उतरू दे. आणखी कुठे नळी घालणार?"

"आणखी तीन ठिकाणी."

"थांबा, मीही येते."

भागीदार आला, ठरल्यापेक्षा कमी भांडवल घालून. धाकटा आठवडाभर हळहळला. शेवटी म्हणाला, "ताई, ते तळचं फोडून टाकू या का? जागा तरी होईल."

"हात लावून तर बघ," थोरली म्हणाली.