डोंगराला परत दिलेले कंद

आमच्या क्रीटच्या डोंगरात मार्च लागला की दगडांच्या फटींतून रानटी ऑर्किड वर येतं. फुलावर तपकिरी, केसाळ मधमाशी बसलेली दिसते. ती मधमाशी नसतेच, पाकळी असते. चाळीस वर्षं बघतेय, तरी हात लावताना अजून कचरते.

त्याच्या मुळाशी दोन कंद असतात, एक सुरकुतलेला आणि एक पांढरा टणक. माझे सासरे मानूसोस दर वसंतात पांढरा काढून घेत, वाळवून कुटत आणि हिवाळाभर दुधात उकळून पीत. सुरकुतलेला मात्र खड्ड्यात परत दाबून, क्रूसाची खूण करून म्हणत, "आई राहू दे." आपण डोंगराला कधी लुटलं नाही, याचा त्यांना कोण अभिमान!

तरी फुलं कमी होत चालली, आणि खापर फुटलं माझ्या डोक्यावर.

"अर्गिरो, तुझ्या शेळ्यांनी डोंगर बोडका केला. पुढच्या ईस्टरनंतर एकही दारात नको."

"मामंजी, शेळ्या कंद उकरत नाहीत हो!"

"उलट बोलायला बरं सुचतं तुला."

बाराही शेळ्या मी हातानं वाढवलेल्या. गेल्या वर्षी मामंजींनी जिथले सात कंद काढले, तिथं मी काटेरी कुंपण घातलं. आत एकच झाड शिल्लक होतं, उंच कपारीत, त्यांचा हात न पोचलेलं.

या मार्चमध्ये दोघं वर चढलो. कुंपण शाबूत, आत एक लेंडीसुद्धा नाही. कपारीतलं झाड फुललेलं. सात जागी नुसतं गवत.

तेवढ्यात एक खरी मधमाशी आली आणि त्या खोट्या मधमाशीला बिलगली. थरथरली, फसली, आणि कपाळावर परागाचे दोन पिवळे गोळे घेऊन उडाली.  

"अरे देवा," मामंजी कुजबुजले. "अठ्ठ्याहत्तर वर्षांत मी कधी थांबून बघितलंच नाही."

मग ते गुडघ्यांवर बसले आणि बोटांनी गेल्या वर्षीचा एक खड्डा उकरला. हाताला परत दाबलेल्या कंदाची काळी, पोकळ साल लागली. दुसऱ्यातही तेच.

"म्हणजे मी मरायला टेकलेली आई पुरत आलो," ते म्हणाले, "आणि पुढच्या वर्षी फुलणारी लेक पिऊन टाकली. शेळ्या विकू नकोस, पोरी."

"पुरे आता, मामंजी. चला."

सातवा खड्डा उकरून होईपर्यंत ते उठले नाहीत.