कांडीशेठचा हिरवा दिवा

दुकानात शिरायला जागा नव्हती, आणि जे शिरले होते ते बाहेर पडायचं नाव घेत नव्हते. काउंटरवर निळी चटई, चटईवर बंद लॅपटॉप आणि त्याच्यावर दुकानदाराच्या हातातली पांढरी कांडी. कांडीच्या टोकाला लाल दिवा जळत होता. दुकानदाराने डोळे मिटले, कांडी हळूहळू खाली आणली. यंत्राला ती टेकते न टेकते तोच दिवा हिरवा झाला. गर्दीने अडवून धरलेला श्वास सोडला.

या दुकानदाराला सगळे कांडीशेठ म्हणत.

"यंत्राला माणसाचा हात लागला की त्याचं तेज उतरतं," शेठ सांगत होता. "ते डोळ्यांना दिसत नाही, कांडीला दिसतं. बाहेर काय चाललंय ठाऊक आहे ना? जुना माल पुसायचा, नव्या खोक्यात घालायचा आणि नवा म्हणून विकायचा. लोक नागवले जातात हो. मला रात्रभर झोप नसते."

झोप नसलेला शेठ चांगलाच गुबगुबीत होता. पण त्याचा आवाज असा काही भरून आला की एका नर्सताईंनी एकाऐवजी दोन लॅपटॉप घ्यायचं ठरवून टाकलं.

मग एका गिऱ्हाइकाने दुसऱ्या दुकानातून आणलेला लॅपटॉप शेठने काउंटरच्या पार त्या टोकाला ठेवायला लावला. "परका माल माझ्या चटईवर नको, तेज मिसळतं." कांडी फिरली. दिवा लालच. त्या गिऱ्हाइकाचा चेहरा असा पडला, की जणू घरचं कुणी तापाने फणफणलंय.

रांगेत टेलरकाकू होत्या. त्यांच्या लेकीची प्रवेशपरीक्षा सोमवारी, घरबसल्या, लॅपटॉपवर होती. तीन तासांचा पेपर. मध्येच यंत्र बंद पडलं तर पेपर तिथेच संपला, आणि पुढची संधी वर्षाने. गल्लीतल्या विजेचा भरवसा नव्हता, म्हणून सगळी भिस्त बॅटरीवर. हिरवा दिवा पाहून काकूंच्या जिवात जीव आला. त्यांनी खोकं उचललं आणि घर गाठलं.

लेकीने लॅपटॉप पूर्ण चार्ज केला, सुरू केला आणि चार्जरची वायर काढली. चाळीस मिनिटांनी पडदा काळा झाला.

"नवं आहे, रुळायला वेळ लागत असेल," काकू म्हणाल्या.

"आई, ते काय चप्पल आहे रुळायला?"

काकूंनी लॅपटॉप उलटा केला. चष्मा लावला. तळाच्या स्क्रूंच्या खाचा झिजल्या होत्या, एका कडेला पातीने उचकटल्याचा बारीक चरा होता. उसवून पुन्हा शिवलेला कपडा कितीही इस्त्री करा, जुन्या टाक्यांची भोकं राहतातच. तीस वर्षं त्या हेच बघत आल्या होत्या.

"कापड असतं तर उलटी बाजू बघितल्याशिवाय वीतभर घेतलं नसतं," त्या पुटपुटल्या. "यंत्र म्हटल्यावर माझे डोळे मी शेठच्या काउंटरवर ठेवून आले."

लेकीने बाकीचं काढलं. यंत्राच्या पोटावरचा नंबर एक, खोक्यावरचा दुसरा. पोटावरचा नंबर तिने कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला. वॉरंटी तीन वर्षांपूर्वीच सुरू झालेली. मग यंत्राकडूनच बॅटरीचा अहवाल मागवला: सहाशे बारा वेळा चार्ज झालेली.

"कोऱ्या यंत्राची किती वेळा असते?"

"कारखान्यात तपासतात तेवढीच. एकदा, दोनदा."

दुसऱ्या दिवशी मायलेकी दुकानात पोचल्या तेव्हा गर्दी तशीच होती. काकूंनी आकडे सांगितले. शेठने ते हसत ऐकून घेतले.

"काकू, आकडे माणसाने बनवलेत. माणूस चुकतो." त्याने लॅपटॉप चटईवर ठेवला, कांडी फिरवली. हिरवा. "बघा. आता माझ्यावर रागवायचं की कांडीवर?"

"कांडी कशाला खोटं बोलेल?" मागून एक पेन्शनर काका म्हणाले. त्यांनी गेल्याच आठवड्यात खरेदी केली होती, त्यामुळे कांडी खरी ठरणं त्यांना फार गरजेचं होतं.

काकूंचे कान गरम झाले. सगळी गर्दी एकीकडे आणि त्या एकीकडे. लॅपटॉप उचलून बाजूला घेताना त्या काउंटरवर वाकल्या, आणि धंद्याच्या सवयीने बाहीवर टोचून ठेवलेल्या पाच-सहा टाचण्या चटईवर सांडल्या.

टाचण्या पसरल्या नाहीत. सरकत सरकत एका जागी गोळा झाल्या आणि शेपट्या वर करून उभ्या राहिल्या.

काकू थांबल्या. त्यांच्या शिलाई मशीनशेजारी टाचण्या धरून ठेवायला एक चुंबकाची वाटी होती. तिच्यात टाचण्या अशाच उभ्या राहत.

"शेठ, ती कांडी द्या जरा इकडे."

"तिला परका हात चालत नाही."

"मग तुमच्याच हाताने फिरवा. यंत्रावर नको, यावर." त्यांनी पिशवीतून कापडाची कात्री काढून टाचण्यांच्या जागी ठेवली. शेठचा हात काही पुढे येईना. तेवढ्यात आपले दोन लॅपटॉप न्यायला आलेल्या नर्सताईंनी कांडी त्याच्या मुठीतून सोडवली, रडणाऱ्या मुलाच्या हातातून थर्मामीटर घ्यावा तशी, आणि कात्रीवर धरली.

हिरवा.

"बावीस वर्षांची कात्री आहे," काकू म्हणाल्या. "अजून माणसाचा हात लागलेला नाही वाटतं हिला."

गर्दीतून पहिलं हसू फुटलं. काकूंनी तोच लॅपटॉप काउंटरच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. कांडी लाल. लेकीने चटई उचलली; खाली लाकडात खाच, आणि खाचेत बसवलेला हाताच्या पंजाएवढा चुंबक. कांडीत एक साधं बटण होतं, चुंबक जवळ आला की दिव्याचा रंग बदलणारं. तेज चढत होतं ते एवढंच.

पेन्शनर काकांनी वाकून त्या खाचेत बोट घालून बघितलं. मग हळूच म्हणाले, "मुली, तो पोटावरचा नंबर कुठे असतो म्हणालीस?"

शेठने काकूंचे पैसे परत केले. कपाळावरचा घाम पुसत तो रांगेकडे वळला, पण कुणीतरी काकूंनाच विचारलं, "मग काकू, आता तुम्हीच सांगा, कुठल्या दुकानातून घ्यायचा?"

"झालं," काकू म्हणाल्या. "कांडी गेली आणि काकू आली. माझंही ऐकू नका. यंत्र उलटं करा, नंबर जुळवा, वॉरंटी कधी सुरू झाली ते बघा, बॅटरीचा आकडा काढा. हे कुणाच्याही घरी, कुणाच्याही हाताने करता येतं आणि उत्तर तेच येतं. जी परीक्षा फक्त विकणाऱ्याच्या हाताने आणि त्याच्याच चटईवर पास होते, तिला परीक्षा कशाला म्हणायचं?"

त्याच संध्याकाळी दुसऱ्या दुकानातून लॅपटॉप आला. काकूंनी आधी तो उलटा केला, स्क्रूंच्या खाचांवरून नख फिरवलं, मग लेकीच्या हाती दिला. लेक पडद्यावर वाकली.

"काय म्हणतोय?" काकूंनी विचारलं.

"नंबर जुळला. वॉरंटी आजपासून. बॅटरी एकदा."

"वायर काढ तरीपण," काकू म्हणाल्या, आणि घड्याळ समोर घेऊन तीन तास तिथेच बसल्या.