हलक्या गाडीची हौस

हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या भावाच्या हौसेला आवरही नव्हता. दिसेल ते तो गाडीतून काढत सुटला होता.

गाडी म्हणजे दोन दारांची, जुनी, डब्यासारखी चिमुकली. आधी मागची सीट गेली. मग खालचा गालिचा, एसी, स्टेपनी, दारांच्या आतली अस्तरं. मागच्या काचा जाऊन तिथे प्लास्टिक आलं. मी म्हटलं, "आता इंजिन तेवढं राहिलंय. तेही काढ, म्हणजे पिसासारखी उडेल." तो हसलासुद्धा नाही. गाडीच्या बाबतीत त्याला विनोद कळत नाही.

दर रविवारी सकाळी त्याची टोळी माझ्या दुकानामागच्या शेडमध्ये जमायची. मी गाड्यांच्या सीटा भरते, कव्हरं शिवते. शेड माझी, चहा माझा, आणि बडबड त्यांची. प्रत्येकाचा देव वेगळा. एकाने आपली सेडान इतकी खाली बसवली होती की पुढे गतिरोधक दिसला की तो गल्लीच बदलायचा. जीपवाल्याचं नेमकं उलट. मोठे टायर, लांब स्प्रिंगा, वर दिव्यांची रांग. त्याच्या जीपमध्ये चढायचं म्हणजे जिन्याशिवाय माडी चढायची. आणि माझा भाऊ म्हणायचा, ताकद काय, पैसा टाकून कुणीही वाढवेल. वजन उतरवायला अक्कल लागते. त्यावर हे दोघे त्याला 'भंगारवाला' म्हणून चिडवायचे. तो मान खाली घालून पाना फिरवत राहायचा. लहानपणापासून तो असाच, बोललेलं गिळणारा.

यंदा घाटातल्या शर्यतीत त्याने नाव दिलं होतं. शर्यतीआधी गाडी तोलायची या लोकांची एक रीत आहे. चारही चाकांखाली वजनकाटे ठेवतात आणि ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या वजनाइतकी वाळू पिशव्यांत भरून ठेवतात. मग स्प्रिंगा वरखाली करून चारही चाकांवरचा भार जुळवतात. ड्रायव्हर स्वतः गाडीखाली आडवा पडलेला असतो, म्हणून त्याच्या जागी वाळू बसते.

तर दर रविवारी भाऊ आधी स्वतः काट्यावर उभा राहायचा आणि मग पिशवीतली थोडी वाळू काढून टाकायचा. पहिल्यांदा वाळू काढली तेव्हा जीपवाला ओरडला, "अरे, पठ्ठ्याने स्वतःलाच मॉडिफाय केलं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रविवारी पुन्हा वाळू, पुन्हा टाळ्या. सेडानवाला म्हणाला, "गाडीतून काढण्यासारखं काही उरलं नाही, तर हा अंगातून काढतोय. याला म्हणतात निष्ठा." भंगारवाल्याचा एका महिन्यात गुरू झाला. दुसऱ्या गावचे गाडीवेडेही त्याला बघायला येऊ लागले.

मला त्याने सांगितलं होतं, डाएट चालू आहे. मी काय दुधखुळी आहे? डाएट करणारा माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे आशाळभूतासारखा बघतो. हा ताट समोर आलं की तोंड फिरवायचा. विचारलं की वसकन अंगावर यायचा.

गेल्या रविवारी त्याने मला हाक मारली. "ताई, सीटला आतून थोडा फोम लाव. सैल वाटतेय."

ती सीट मीच बनवलेली. शर्यतीची सीट अंगावर बेतावी लागते. त्याला सहा महिन्यांपूर्वी त्या सीटमध्ये बसवून, पाठीमागे आणि कुशींना मऊ फोम दाबून, त्याच्या अंगाचा ठसा घेतला होता मी. तेव्हा तो "अगं, श्वास घेऊ दे की" म्हणून ओरडला होता. आता तो त्याच सीटमध्ये बसला आणि मी त्याच्या कमरेपाशी हात घातला. माझी अख्खी मूठ आत गेली. दुसऱ्या बाजूने घातली, तिकडेही गेली. शर्टाच्या आत त्याची हाडं हाताला लागली.

"उतर," मी म्हटलं.

"फोम लाव ना."

"फोम नाही लावणार. डॉक्टरकडे चल."

"शर्यत होऊ दे, मग बघू."

"रविवारीही दवाखाना उघडा असतो. आत्ता चल."

तो लालबुंद झाला. सगळ्यांदेखत म्हणाला, "तुला माझं चांगलं झालेलं कधी बघवतच नाही. पहिल्यांदा चार माणसं मला मानायला लागली, ते खुपतंय तुला!"

मला लागलं ते. पण मीही त्याचीच बहीण. पाना उचलला, तो उतरल्यावर सीटचे चारही बोल्ट खोलले, सीट काखोटीला मारली, दुकानात नेऊन ठेवली आणि कुलूप घातलं. "डॉक्टर ठणठणीत म्हणाले की परत मिळेल. नाहीतर बस त्या पत्र्यावर आणि चालव."

जीपवाला हळूच म्हणाला, "जाऊन ये ना रे. तासाभराचं काम. ताईंच्या जिवाला शांतता. चल, मीच सोडतो."

सीटसाठी म्हणून तो निघाला, मीही बरोबर निघाले.

जीपच्या दाराशी येऊन त्याने वरचा दांडा धरला, पायरीवर पाय ठेवला आणि जोर लावला. अंग वर जाईना. पुन्हा लावला. ओठ पांढरे पडले. "थांब, देतो हात," म्हणत जीपवाल्याने हसत हसत त्याला काखेत धरून उचललं. त्याने नेहमीचा जोर लावला होता, म्हणून भाऊ जवळजवळ टपावरच आपटला. जीपवाल्याचं हसू तिथेच संपलं. त्याला सीटवर ठेवून तो काही क्षण तसाच उभा राहिला, स्वतःच्या हातांकडे बघत. मग दवाखाना येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याशी जीप हळू करत गेला. एरवी खड्डा दिसला की तो मुद्दाम त्यातून जीप घालतो.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं. एका जागी त्यांची बोटं थांबली. तिथेच पुन्हा पुन्हा दाबत त्यांनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?"

"चार महिने," भाऊ म्हणाला.

"आणि घरात, मित्रांत, कुणीच काही बोललं नाही?"

"बोलले ना," तो म्हणाला. "छान म्हणाले."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नीट समजावून सांगितलं की पोटात गाठ लागतेय, ती कसली आहे ते तपासण्यांशिवाय सांगता येणार नाही, पण आजच दाखल व्हायला हवं. घरी जाऊन येतो म्हटलं तर "नको" म्हणाल्या.

बाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो. जीपवाला कागदपत्रांसाठी खिडकीपाशी उभा होता. भावाने बूट काढले आणि पाय वर घेतले, लहानपणी आई ज्यावरून रागवायची तसे.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

तो म्हणाला, "गाठ आहे हे नव्हतं माहीत. पण काहीतरी बिघडलंय हे कळत होतं. जेवलेलं पोटात राहायचं नाही. दुखायचं."

"आणि डाएट?"

"एक दिवससुद्धा नाही केलं गं. वजन आपोआप उतरत होतं. आणि ते टाळ्या वाजवत होते. मला वाटायचं, अजून एक रविवार जाऊ दे."

मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि त्याच हाताने जवळही घ्यावंसं वाटलं. "मूर्खा, त्यांना नाही तर मला तरी सांगायचंस! मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तर तू त्याच दिवशी सीट काढून नेली असतीस."

"नेलीच असती," मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना.