आरशाच्या जागी गेणू

सन छत्तीसच्या उन्हाळ्यात मी बारामती-इंदापूर सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होतो. बाभळीच्या एका फांदीनं मोटारीचा बाजूचा आरसा पाडला. नवा पुण्याहून यायचा, त्याला आठ दिवस. इंदापुरात फौजदारानं मोटार अडवली. आधी खटल्याची भाषा केली, मग म्हणाला, "मागचं कळलं पाहिजे, एवढंच. आरसा येईपर्यंत मागं माणूस उभा करा."

म्हणून आमचा क्लीनर गेणू मागच्या पायरीवर उभा राहिला. त्याच्या हातात दोरी, दोरीच्या टोकाला माझ्या कानाशी घंटा. मागं काही दिसलं की ओढायची. फौजदार खूश, मालक खूश. मीही खूश होतो. तेव्हा माझी अक्कल तेवढीच.

तिसऱ्या दिवशी शेळगावला सोपानआबांची कौसल्या चढली. जावयानं शेती सोडून सोलापूरची गिरणी धरली, म्हणून आबांनी तीन वर्षं लेकीशी बोलणं टाकलं होतं. ती समजूत काढायला आली, तर म्हातारा चार दिवस मळ्यातून घरी फिरकलाच नाही. हट्टाला औषध नसतं.

"दत्तोबातात्या, जरा थांबा. आबा येतील," ती म्हणाली.

पाव तास थांबलो. उतारू कुरकुरायला लागले, मीही चिडलो आणि मोटार हाणली. घंटा काही वाजली नाही. इंदापूरला ती खाली मान घालून सोलापूरच्या मोटारीत बसली आणि गेली.

मग गेणू हळूच म्हणाला, "म्हातारा पळत हुता मागनं. पार वढ्यापतुर आला."

"मग दोरी का न्हाय वढली?"

"लेक सासरला निघालेली. तिला मागनं हाक घालायची व्हय? म्हाताऱ्यानंबी न्हाय घातली. तोंडावर हात दाबून पळत हुता."

मी त्याला नाही नाही ते बोललो. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, हे मीही लहानपणापासून ऐकलेलं. त्याच्या जागी मी काय केलं असतं, देव जाणे. आरशाला मात्र शकुन-अपशकुन कळत नाही. त्यानं म्हातारा सरळ दाखवला असता.

परतताना मी आबांना गाठलं. म्हटलं, तिला पत्र टाकू का?

"पत्रात काय सांगायचं, दत्तोबा? दिवाळीला मी सोता आणतो तिला. म्होरं बसून बोलतो."

आषाढात तापानं आबा गेले.

दहाव्यासाठी कौसल्या आली. इंदापूरच्या थांब्यावर मोटारीपाशी उभी राहून म्हणाली, "शेवटपतुर राग धरला बघा आबांनी. त्या दिशी आलंच न्हाईत."

मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. ओढ्यापर्यंत पळाले, तोंड दाबून पळाले, तेही सांगितलं. ती रडली नाही. गेणूकडं वळली.

"दादा, हाक मारली असती तर काय झालं असतं?"

"वाटंत तुझं काय वंगाळ होऊ नये, म्हणून न्हाय मारली, बाय."

"मग न्हाय मारली, तर काय भलं झालं?"

गेणूनं मान खाली घातली. ती मोटारीत चढून बसली.