पाटीवरचं अठ्ठ्याण्णव

शनिवारी सकाळी माझी भाची तिची लाल गाडी घेऊन गॅरेजात आली, तेव्हा मला दोन गोष्टी एकदम दिसल्या. एक म्हणजे मागच्या सीटवर बेल्ट लावून बसवलेला वीस लिटरचा पेट्रोलचा कॅन. दुसरी म्हणजे रस्त्याच्या पलीकडे, एका बंद शटरसमोर हाताची घडी घालून उभे असलेले भाऊजी, म्हणजे तिचे वडील.

"आत नाही यायचे का ते?" मी विचारलं.

"म्हणाले, मी बाहेरच बरा."

"मग आलेच कशाला?"

"मामा, तू सुरू होऊ नकोस हं."

मी सुरू झालो नाही. मनात मात्र झालोच होतो.

सहा वर्षांपूर्वी हीच गाडी भाऊजी चालवायचे तेव्हा मी ट्यून केली होती. माझा धंदाच तो. गाडी जमिनीतल्या रोलरवर चढवायची, पट्ट्यांनी चारी बाजूंनी आवळायची, समोर माणूसभर उंचीचा पंखा लावायचा आणि जागच्या जागी पळवून इंजिनाची ताकद मोजायची. त्या यंत्राला डायनो म्हणतात. ताकदीचा आलेख छापून मिळतो, आणि चांगला आकडा आला की मी तो कागद भिंतीवर चिकटवतो. भाऊजींच्या गाडीचा कागद भिंतीच्या अगदी मधोमध होता. एवढ्याशा इंजिनातून दोनशे बारा हॉर्सपॉवर मी काढले होते आणि येईल त्या गिऱ्हाइकाला तो कागद बोट लावून दाखवायचो.

ते दोनशे बारा निघाले अठ्ठ्याण्णव ऑक्टेनच्या पेट्रोलवर. टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो, त्यामुळे आतला दाब वाढतो, उष्णता वाढते. हलकं पेट्रोल तो दाब सोसत नाही, नको तेव्हा आपलं आपणच भडकतं, आणि पिस्टनवर वरून घण बसतात. त्याला आम्ही नॉकिंग म्हणतो. ऑक्टेन जितका जास्त, तितकं पेट्रोल सोशीक. म्हणून भाऊजींना मी दहादा बजावलं होतं, अठ्ठ्याण्णवच भरायचं, दुसरं काही नाही.

पुढच्याच आठवड्यात ताईला आणि भाचीला घेऊन ते घाटापलीकडे गेले, तिथे टाकी भरली आणि परत येताना चढावर पिस्टन फुटला. गाडीत धूर, मागे ट्रकची रांग, आणि कॉलेजात नुकतीच गेलेली पोरगी रडून बेजार. भाऊजी म्हणाले, मी अठ्ठ्याण्णवच भरलं होतं. मी त्यांच्याच घरी, चार पाहुण्यांच्या देखत, हसलो. म्हणालो, "भाऊजी, चिंगूसपणा केलात तर केलात, निदान कबूल तरी करा."

त्यानंतर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ताई येते अधूनमधून, पण एकटी, आणि आल्यापासून निघायची घाई. मला ते खुपायचं. पण माझंच बरोबर आहे म्हटल्यावर मी कशाला नमतं घेऊ?

आता भाचीला घाटापलीकडच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरची नोकरी लागली होती. रोज जाऊन येऊन साठ किलोमीटर. इतकी वर्षं शेडमध्ये पडलेल्या गाडीत तिने हौसेने नवीन पिस्टन टाकून घेतले, नवा टर्बो बसवून घेतला आणि ट्यून करीन तर मामाकडेच, म्हणून हटून बसली.

"बाबांची एकच अट आहे," ती म्हणाली. "या कॅनमधल्या पेट्रोलवर करायचं. तेवढं पटलं तर मी गाडी घेऊन घाटात जायचं. नाही पटलं तर गाडी विकायची."

भाऊजींचं औषधाचं दुकान आहे. कॅनवर त्यांनी औषधाच्या बाटलीवर लावतात तशी चिठ्ठी डकवली होती. मोत्यासारख्या अक्षरात तारीख, वेळ, 'घाटापलीकडचा पंप, अठ्ठ्याण्णवची नळी', आणि खाली सवयीने 'लहान मुलांपासून दूर ठेवा'.

माझं डोकंच फिरलं. सहा वर्षांनी माणूस येतो, रस्त्यापलीकडे उभा राहतो आणि मला पेट्रोल पाठवतो. म्हणजे माझ्याकडचं पेट्रोलही आता संशयित. मी ठरवलं, दाखवतोच आता.

गाडी रोलरवर आवळली आणि आधी टाकी रिकामी करून शहरातल्या पंपाचं अठ्ठ्याण्णव घातलं. इंजिनाला मायक्रोफोन लावला, कानाला हेडफोन चढवले. नॉकिंग मोठमोठ्याने येत नाही. पंख्याच्या आणि टायरच्या गोंगाटात खडा पडल्यासारखी बारीक टिकटिक येते, आणि ती मला ऐकू येते म्हणून तर या धंद्यात मला सगळे 'कानवाले' म्हणतात. ताईचं म्हणणं, इंजिनाचंच तेवढं ऐकू येतं याला.

मी जुन्याच बेताने, इंजिनात पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीची वेळ लावली आणि पाय दाबून इंजिनाचे फेरे चढवत नेले. स्वच्छ आवाज. काही नाही.

"बघ," मी भाचीला म्हणालो. "अठ्ठ्याण्णव म्हणजे अठ्ठ्याण्णव. आता तुझ्या बाबांचं घालू, त्यांचंही समाधान होऊ दे."

टाकी पुन्हा उपसली, कॅनमधलं थोडं पेट्रोल ओतलं, नळीतलं जुनं पेट्रोल जळून जावं म्हणून गाडी थोडा वेळ नुसती चालू ठेवली. लॅपटॉपवर एकही आकडा बदलला नाही. मग चढवली.

इंजिनाचे फेरे मिनिटाला चार हजारांच्या जरा अलीकडे आले आणि कानात टिक झालं. मग टिकटिकटिक. मी पाय झटकन उचलला.

"काय झालं?" भाची म्हणाली.

"मायक्रोफोन सैल असेल."

मायक्रोफोन सैल नव्हता. मी तो काढून दुसऱ्या जागी लावला. पुन्हा शहरातलं पेट्रोल घातलं, आवाज स्वच्छ. पुन्हा कॅनमधलं, पुन्हा तीच टिकटिक, त्याच जागी. भाची बाजूला उभी राहून बघत होती. तिला सांगायची गरज नव्हती, पोरगी हुशार आहे.

तिथल्या पाटीवर अठ्ठ्याण्णव लिहिलेलं असेल, पण नळीतून येत होतं ते पंच्याण्णवसुद्धा नव्हतं. आज नव्हतं, आणि सहा वर्षांपूर्वीही बहुधा नव्हतं. भाऊजींनी मी सांगितलं तेच मागितलं होतं, पाटी वाचून तेच भरलं होतं. चूक माझी होती. भिंतीवर चांगला कागद लागावा म्हणून मी सगळ्यात उंची पेट्रोलवर गाडी ताणली, आणि तुम्ही टाकी कुठे भरता, हे साधं विचारलंही नाही. वर खोटं बोलता म्हणून त्या माणसाला चारचौघांत हसलो.

मी हात पुसले आणि रस्ता ओलांडला. एवढा घाबरलो तर लग्नातही नव्हतो.

"भाऊजी," मी म्हणालो, "तुम्ही अठ्ठ्याण्णवच भरलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पाटीवर होतं ते आत नव्हतं. आत्ता दोनदा करून पाहिलं. चूक माझी होती आणि बोललो ते त्याहून वाईट होतं. माफ करा मला."

मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत म्हणाले, "तू इतकं ठासून सांगितलंस ना तेव्हा, की नंतर नंतर मलाच वाटायला लागलं, मीच चुकीची नळी उचलली असेन. पोरगी गाडीत होती रे. आणि रात्री आठवायचा प्रयत्न करायचो, कुठली नळी होती. आठवायचंच नाही."

राग धरला असता तर मी समजू शकलो असतो. हा माणूस सहा वर्षं स्वतःचीच चूक धुंडाळत बसला होता, आणि मी समजत होतो की तो माझ्यावर फुगून आहे. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"आत चला," मी म्हणालो. "कॅनमध्ये अजून बरंच आहे. तुमच्यासमोर करतो."

ते आले. मी टर्बोचा दाब उतरवला, ठिणगी जरा उशिरा पडेल अशी मागे घेतली, आणि त्या गरीब पेट्रोलवर टिकटिक थांबेपर्यंत उतरवत गेलो. थांबल्यावर आणखी थोडं उतरवलं, घाटातल्या उन्हाचा हिशेब धरून. शेवटचा आकडा आला एकशे त्रेसष्ट.

"दोनशे बारा कुठे गेले?" भाचीने डोळे मिचकावत विचारलं.

"ते माझ्या डोक्यात गेले होते," मी म्हणालो. भाऊजी हसले नाहीत, पण मिशी हलली.

मग त्यांनी हेडफोन मागितले. मी आधी जुन्या बेताने, जेमतेम टिकटिक येईपर्यंत गाडी चढवली आणि सोडून दिली. मग नव्या बेताने पूर्ण चढवली. ते डोळे मिटून दोन्ही आवाज ऐकत राहिले.

"एवढासा आवाज?" ते म्हणाले.

"एवढासाच असतो."

त्यांनी हेडफोन काढले आणि भाचीकडे वळले. "पलीकडे जा, त्याच पंपावर टाकी फुल्ल कर आणि चढ चढून ये. वर आलीस की फोन कर."

"तुम्ही येत नाही?"

"मी इथे बसतो."

ती गेली. आम्ही दोघं गॅरेजच्या बाकावर बसलो. पहिला अर्धा तास गुडघेदुखीच्या गोळ्यांवर निघाला, कारण मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. नंतर बोलणं संपलं आणि दोघंही भाऊजींच्या फोनकडे बघत राहिलो. सव्वा तासाने तो वाजला.

"वर उभी आहे," भाचीचा आवाज स्पीकरवर खणखणीत आला. "सगळा चढ तिसऱ्या गिअरवर. मामा, मस्त पळतेय."

भाऊजींनी श्वास सोडला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दुखऱ्याच गुडघ्यावर, पण मी हू की चू केलं नाही.

फोन खाली ठेवतात तोच पुन्हा वाजला. या वेळी ताई होती.

"अहो, दुकान बंद का आहे? कुठे आहात?"

"तुझ्या भावाकडे," भाऊजी म्हणाले.

पलीकडून आवाज येईना.

"अगं, तुझ्या भावाकडे बसलोय. गॅरेजात. ऐकू येतंय ना?"

त्यांनी फोन कानाला लावून थोडं ऐकलं, मग तो माझ्यापुढे धरला. "घे," ते म्हणाले, "रडतेय. तूच बोल."