सव्वानऊतून पावणेचार

कानिथाने फळ्याकडे पाठ करून विचारलं, सव्वापाचातून पावणेतीन गेले तर किती उरले? रुमदूल म्हणाली, साडेतीन. मागच्या बाकावरचा तिआ म्हणाला, साडेतीन. एकेकाला उठवत ती शेवटच्या बाकापर्यंत गेली, पण अडीच कुणीच म्हटलं नाही.

चूक कुठली ते तिला शोधावं लागलं नाही, कारण ती तिचीच होती. तपासणीला साहेब येणार म्हणून तिने घाईघाईने पोरांना तोंडी वजाबाकीची युक्ती पढवली होती: पूर्णातून पूर्ण काढा, अपूर्णांकातून अपूर्णांक. आणि गणितं अशी बेतली होती की वरचा अपूर्णांक कायम मोठा. पोरांनी धडाधड उत्तरं दिली, साहेब खूश झाले, बाईंचं नाव झालं. वरचा लहान असला तर पूर्णातला एक फोडून घ्यायचा असतो, ते पुढं बघू म्हणून राहून गेलं. आता पोरं बिनदिक्कत पाऊणातून पाव काढत होती आणि उत्तरात दर वेळी एक अख्खा जास्तीचा येत होता.

तिने पुन्हा समजवायला घेतलं. रुमदूलला ते पटेना.

"नेक्रू, साहेबांपुढे तर हेच बरोबर होतं," ती म्हणाली. गावात बाईंना सगळे नेक्रूच म्हणत. वर्गात पहिली येणारी पोरगी, तिला चूक म्हटलेलं झोंबलं.

तेवढ्यात विहाराकडच्या उत्सवाचे ढोल सुरू झाले आणि खाली, पाण्यात उभ्या शाळेच्या खांबांशी रुमदूलच्या बापाची, फीअपची नाव येऊन लागली. नावेत भिक्खूंसाठी नवी चीवरं होती आणि मधोमध लोखंडी नळीला बांधलेलं उंच निशाण होतं. फीअप हसत म्हणाला, "पोरीला न्यायला आलोय, नेक्रू. ती पुढे बसल्याशिवाय माझी नाव हलायची नाही."

बाकीचं उद्या, म्हणून कानिथाने तिला सोडलं. वर्गही सोडला. पोरं निशाण बघायला ओसरीवर धावली.

फळा पुसताना तिला विहाराच्या वाटेवर नाल्याच्या तोंडाशी लोंबणारी विजेची तार आठवली आणि हातातलं फडकं तसंच राहिलं. गावातला सारुन नजरेच्या अंदाजावर नावेत बांबू उभे घेऊन तिथून गेला होता, ते तारेला लागले, आणि त्याला पाण्यातून काढायला कितीतरी वेळ कुणी धजावलं नव्हतं. तेव्हापासून गावात नजरेवर कुणी जात नसे. तारेखालच्या खांबावर हातांच्या आणि पावाच्या खुणा रंगवल्या होत्या, तार सव्वानऊ हातांवर होती. नावेच्या टोकाला बसलेलं पोर पाण्याची खूण वाचून वजाबाकी मोठ्याने सांगायचं आणि मागे इंजिनावर बसलेला बाप त्यावर नाव घालायचा. शाळेतलं पोर सांगतंय म्हणजे विषय संपला.

काल पाणी सव्वातीनवर होतं. त्यात युक्ती चालून जाते. रात्रीत ते अर्धा हात चढलं होतं.

ती ओसरीवर आली तेव्हा नाव तारेखालच्या खांबाजवळ पोचली होती. निशाणाची नळी पाण्यापासून पुरती सहा हात होती, सकाळीच फीअपने ती सगळ्यांना कौतुकाने मापून दाखवली होती. रुमदूल वाकून खूण वाचत होती. मग तिचा खणखणीत आवाज पाण्यावरून आला.

"सव्वानऊतून पावणेचार! उरले साडेसहा!"

"साडेपाच!" कानिथा जीव तोडून ओरडली. "फीअप, थांब! साडेपाच!"

ढोलांच्या गजरात तो आवाज कुठल्या कुठे गेला. पण फीअपने शाळेकडे पाहिलं. इंजिन मंद केलं आणि ऐकायला कानामागे हात धरला. बाई काहीतरी सांगताहेत एवढं त्याला कळलं होतं. कानिथाने पुन्हा ओरडायला श्वास घेतला.

तिच्या आजूबाजूला दाटलेल्या पोरांनीही तोवर मनातल्या मनात हिशेब केला होता. बाईंना मदत म्हणून ती सगळी एका दमात ओरडली, "साडेसहा!"

ते मात्र पोचलं. फीअपने हसून मान डोलावली. रुमदूलने कानिथाकडे बघून हात हलवला, आणि बापाने इंजिन वाढवलं.